चौदावा दवाखाना

सकाळी उठल्या उठल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, माझा गुडघा फार दुखतोय गं."

"कुठला?" सुनेनं चहा गाळता गाळता विचारलं.

"कुठला म्हणजे? माझाच."

"तसं नाही हो आई. उजवा की डावा? आणि नव्यानं दुखतोय की जुनंच दुखणं आहे? कुठे पडलाबिडलात का?"

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. "बघ रे बाबा. मी हिच्याकडे शेकायची पिशवी मागतेय आणि ही माझा जबाब घेतेय."

मुलाचा पडदे शिवायचा धंदा होता आणि समोरच्या खोलीतच त्याचं मशीन होतं. ओठांत टाचण्या धरलेल्या असल्यामुळे त्याला हसता येईना. तो नुसता खांदे हलवत राहिला.

सुनेनं जीभ चावली, पिशवीत गरम पाणी भरलं आणि सासूबाईंच्या गुडघ्यावर ठेवली. गुडघा उजवा होता, दुखणं जुनं होतं आणि पडणंबिडणं काही झालेलं नव्हतं. एवढं काढून घेतल्याशिवाय तिलाही चैन पडलं नव्हतं.

तिला सगळे नंबरताई म्हणत. एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात, नोंदींच्या खोलीत, ती एकोणीस वर्षं काम करत होती. वरच्या मजल्यांवरून रुग्णांच्या फायली खाली यायच्या. डॉक्टरांनी खरडलेलं निदान ती वाचायची आणि जाडजूड पुस्तकातून त्या आजाराचा ठरलेला नंबर काढून फायलीवर टाकायची. एका आजाराला सगळीकडे एकच नंबर, म्हणजे कुठे किती लोक कशानं आजारी पडतात ते आरोग्य कार्यालयाला कळतं. कामावर ह्या नंबराला कोड म्हणत, पण घरी तो शब्द वापरायची सोय राहिली नव्हती. नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी कौतुकानं शेजारीपाजारी सांगितलं होतं, "आमच्या सुनेचं कोडाचं काम आहे." आठवड्याभरात खालच्या मजल्यावरच्या काकू आपल्या भाच्याला घेऊन आल्या, त्याची बाही वर केली आणि दंडावरचा पांढरा डाग दाखवून म्हणाल्या, "ह्याच्यावर काय लावायचं?" तेव्हापासून घरात फक्त नंबर.

तळघर तिला मानवलं होतं. फायली उलट बोलत नाहीत. तीनपेक्षा जास्त माणसं समोर असली की तिच्या घशाला कोरड पडायची. घरच्या कार्यातही ती स्वयंपाकघराच्या दारापलीकडे यायची नाही. डॉक्टरांचं अक्षर मात्र तिच्यासारखं कुणालाच लागत नसे. शल्यविभागातले एक डॉक्टर तर स्वतःचंच लिहिलेलं वाचून घ्यायला तळघरात उतरत.

मग एके दिवशी आजारांची यादी बदलल्याचं पत्र आलं. नवी यादी जुनीच्या पाचपट मोठी होती. आधी 'हात मोडला' एवढ्यावर भागायचं. आता कुठला हात, कुठलं हाड, पहिल्यांदाच दाखवायला आलाय की पुन्हा, हे सगळं नंबरातच यायला हवं होतं. दोन महिन्यांनंतर एक तारखेपासून जुने नंबर बंद. मोठ्या रुग्णालयात माणसं होती, पण गावभर विखुरलेल्या छोट्या दवाखान्यांचं काय? त्यांना कोणी शिकवायचं? रुग्णालयाच्या प्रमुख बाईंनी सभा बोलावली आणि विचारलं, "कोण जाईल?" सगळ्यांनी एकदम चपला न्याहाळायला सुरुवात केली. नंबरताई त्या दिवशी दाढ काढायला गेली होती. दुसऱ्या दिवशी सुजलेला गाल घेऊन कामावर आली, तर फळ्यावर तिचं नाव. तोंडात कापूस होता, त्यामुळे नाही म्हणायचीही सोय नव्हती. "हं हं" असा काहीतरी आवाज काढला, तो प्रमुख बाईंनी होकार धरला.

चौदा दवाखाने होते.

पहिल्या दवाखान्यात जायच्या आधी तिनं घरी तालीम केली. सासूबाईंना खुर्चीत बसवलं, नवऱ्याला मशीन थांबवायला लावलं आणि "नमस्कार, नवीन यादीचे बावीस विभाग आहेत," अशी सुरुवात केली. पाचव्या विभागाला सासूबाई घोरायला लागल्या. नवरा म्हणाला, "हे बघ, माझ्याकडे गिऱ्हाईक येतं ना, त्याला मी सगळी कापडं दाखवत नाही. तुमच्या खिडक्या किती आणि केवढ्या, ते आधी विचारतो."

ते तिच्या डोक्यात बसलं. दवाखान्यात गेल्यावर तिनं भाषण केलंच नाही. "तुमच्याकडे आलेल्या शेवटच्या दोनशे लोकांची नोंदवही द्या," म्हणाली आणि कोपऱ्यात बसली. दोनशे लोकांत मिळून आजार निघाले पस्तीस. त्या पस्तिसांचे जुने नंबर डावीकडे, नवे उजवीकडे, असा एकच कागद करून तिनं काउंटरमागच्या भिंतीला चिकटवला. "रोज एवढंच लागेल. बाकी अडलं तर मला फोन करा." मुलांच्या दवाखान्यातल्या परिचारिकेनं तर चार दिवसांत अख्खा कागद पाठ केला. मुलांना रमवायला ती शिट्टी वाजवायची, ती आता नंबरांच्या चालीवर वाजवायला लागली.

सगळंच इतकं सुतासारखं सरळ गेलं असं नाही. हाडांच्या डॉक्टरांनी आठवड्याभराच्या सरावाचा अहवाल पाठवला, तो पाहून नंबरताई चक्रावली. तिनं फोन लावला. "डॉक्टर, तुमच्याकडची सगळी माणसं डाव्या अंगावरच पडतात का हो?"

"म्हणजे?"

"एकोणचाळीस जणांचं काही ना काही मोडलंय, आणि सगळ्यांचं डावंच."

मग डॉक्टरांचा ओशाळलेला आवाज आला. "संगणकावर 'डावा' आधी येतो हो. पटकन दाबला जातो."

"मग उद्यापासून पेशंटकडे बघून दाबा," ती म्हणून गेली. फोन ठेवल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं. डॉक्टरला असं कोण बोललं? आपणच?

असं करत तेरा दवाखाने मार्गी लागले. राहिला चौदावा.

तो किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर होता. सतरा पायऱ्या चढल्या की लांबट खोली, भिंतीकडेला रेक्झिनचं बाक, काउंटर आणि काउंटरमागे छतापर्यंत लाकडी कप्पे. कप्प्यांत पेशंटची कार्डं. काउंटरच्या टोकाला एक संगणक होता, पण त्यावर विणलेला रुमाल आणि रुमालावर झाडाची कुंडी. डॉक्टर चौऱ्याहत्तर वर्षांचे. काउंटर सांभाळायच्या त्यांच्या थोरल्या भावाच्या पत्नी. भाऊ गेल्यावर घरी बसून काय करायचं म्हणून त्या इथे आल्या, त्याला सव्वीस वर्षं झाली. डॉक्टर त्यांना वहिनी म्हणत, म्हणून पेशंटही वहिनी म्हणत, आणि पेशंट डॉक्टरांपेक्षा वहिनींना जास्त वचकून असत.

आरोग्य कार्यालयाला ह्या दवाखान्याचा अहवाल दर महिन्याला जायचा, पण त्यात चारच आजार असायचे. ताप, खोकला, पोट आणि इतर. त्यातही निम्म्याच्या वर इतर. कार्यालयानं सात पत्रं पाठवली होती. तपासायच्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याखाली ती सातही पत्रं घडी घालून सारलेली नंबरताईनं पहिल्याच दिवशी पाहिली.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे माणसं येतात. नंबर येत नाहीत."

"हो डॉक्टर. पण एक तारखेपासून 'इतर' चालणार नाही."

"मग काय करतील? पकडून नेतील मला?"

"नाही. पण अहवाल परत येईल."

"येऊ दे की. टपालवाल्याला तेवढाच व्यायाम. वहिनी, ह्यांना चहा द्या आणि जिना दाखवा."

चहा घेऊन निघायला हवं होतं. पण सतरा पायऱ्या लगेच उतरायचं तिच्या जिवावर आलं असावं, किंवा हाडांच्या डॉक्टरांना बोलल्यापासून अंगात थोडं बळ आलं असावं. ती बाकावर बसून राहिली. दुपारपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशीही येऊन बसली. वहिनींनी दोन दिवस तिच्याकडे दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी कार्डांचा एक कप्पा उचलून आणला आणि तिच्या मांडीवर आदळला. "नुसतं बसून बाक झिजवण्यापेक्षा ही अक्षरवारी लावून द्या. ल आणि ळ एकत्र झालेत."

त्या कप्प्यात नंबरताईला पहिल्यांदा त्या खुणा दिसल्या. कार्डाच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं काढलेली नखाएवढी चित्रं. कुठे चंद्रकोर, कुठे जिन्याच्या पायऱ्या, कुठे चमचा, कुठे छत्री.

"ह्या कसल्या खुणा, वहिनी?"

"कसल्या असायच्यात? भावजींना लहानपणापासून चित्रं काढायची खोड. फोनवर बोलतानाही काढत बसतात."

पण जिनं एकोणीस वर्षं डॉक्टरांचं खरडणं वाचण्यात घालवली, तिला उगाच ओढलेली रेघ आणि मुद्दाम ओढलेली रेघ ह्यातला फरक कळत होता. तिनं आपल्या वहीत चारही चित्रं काढली आणि त्यांच्यापुढे कार्डांवरची दुखणी लिहायला लागली. चंद्रकोर लगेच उलगडली. त्या सगळ्यांना झोपेची तक्रार होती. पायऱ्यांचंही कोडं सुटलं. ह्या लोकांना चढताना धाप लागायची आणि डॉक्टर त्यांना घरी जाऊन तपासायचे. चमचा म्हणजे पोट, हे तिनं गृहीतच धरलं. अडली ती छत्री. छत्रीवाल्यांत एकाचं डोकं दुखत होतं, एकाची पाठ, एकीच्या छातीत धडधडत होतं, एकीच्या हाताला मुंग्या. कुणी तिशीतलं, कुणी ऐंशीच्या घरातलं. काही केल्या मेळ बसेना.

मेळ बसला तो बाकावर बसल्यामुळे. टपालखात्यातून निवृत्त झालेले एक उंच गृहस्थ दर आठवड्याला रक्तदाब दाखवायला यायचे. आतून बाहेर आले की घरी न जाता बाकावर टेकायचे. चाळीस मिनिटं तरी बसत. वहिनी न विचारता त्यांच्या हातात चहाचा कप द्यायच्या आणि रागवायच्या, "काल का नाही आलात? बिस्किटं मऊ झाली." त्यांचं कार्ड नंबरताईनं हळूच पाहिलं. छत्री. त्यानंतर मुंग्यावाल्या बाई आत गेल्या. दार अर्धवट उघडं होतं. डॉक्टरांनी हात तपासला आणि विचारलं, "ह्या आठवड्यात फोन आला होता का कुणाचा?" बाईंनी पिशवीतून फोन काढला, पाहिला आणि परत ठेवला.

नंबरताईनं वहीत छत्रीपुढे एक शब्द लिहिला.

नेमके त्याच वेळी डॉक्टर हात पुसत बाहेर आले आणि त्यांची नजर वहीवर पडली. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे काय? माझी चित्रं उतरवून घेताय? कार्यालयाला दाखवायला?"

बाकावर चार पेशंट होते, काउंटरवर वहिनी, समोर डॉक्टर. तीनपेक्षा कितीतरी जास्त माणसं. घशाला कोरड पडलीच. पण शब्दही बाहेर पडले.

"डॉक्टर, मी शिकवायला काय आलेय? तुम्ही तीस वर्षं हेच करताय. दर माणसाचं नीट बघून खूण करताय. फक्त यादी तुमची स्वतःची आहे आणि ती तुमच्याशिवाय कुणाला वाचता येत नाही."

वहिनींच्या हातातली किटली तशीच राहिली.

"बरं," डॉक्टर म्हणाले. "छत्री म्हणजे काय, सांगा."

"एकटी माणसं."

डॉक्टर तिच्या शेजारी बाकावर बसले. पेशंट सरकले. "कसं ओळखलंत?"

"बसून."

ते थोडं हसले. मग त्यांनी सांगितलं. दवाखाना नवा होता तेव्हा एक बाई यायच्या. दुखणं दर वेळी वेगळं, आणि तपासून काही निघायचं नाही. जाताना छत्री विसरायच्या. दुसऱ्या दिवशी छत्री न्यायला यायच्या, बसायच्या, बोलायच्या. बाहेर कडकडीत ऊन असलं तरी त्यांच्या हातात छत्री असायचीच. "पाचव्यांदा विसरल्या तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बाई आजारी नाही, हिला परत यायला निमित्त हवंय. कार्डावर काय लिहू? कुठल्या पुस्तकात हा आजार? म्हणून छत्री काढली."

नंबरताईनं पिशवीतून नव्या यादीचं पुस्तक काढलं. शेवटच्या भागातलं एक पान उघडलं आणि बोट ठेवलं. 'एकटे राहिल्याने होणारा त्रास.' पुढे नंबर.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, पुस्तक डोळ्यांजवळ नेलं आणि दोनदा वाचलं. "आधी होता हा?"

"जुन्या यादीत होता, पण दहा गोष्टी एकाच पोत्यात कोंबलेल्या होत्या. आता वेगळा केलाय."

"म्हणजे कुणाला तरी सुचलं." त्यांनी मान वर केली आणि जिन्याखालच्या किल्लीवाल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वहिनी! अहो वहिनी! छत्रीला नंबर आहे!"

"असेल," वहिनी म्हणाल्या. "ओरडताय कशाला? मी इथेच आहे."

त्याच दुपारी कुंडी खिडकीत गेली, रुमाल धुवायला गेला आणि संगणक चालू झाला. एक तारखेला दहा दिवस उरले होते आणि नेहमीच्या पेशंटची कार्डं होती अकराशे. नंबरताई सकाळी आठला हजर व्हायची. ती कार्ड वाचायची आणि वहिनी उभ्या उभ्या सांगायच्या. नव्या यादीला उजवं-डावं हवं होतं, कार्डांवर ते कुठेच नव्हतं, पण वहिनींच्या डोक्यात सगळं होतं. "उजवा. उजवा. दोन्ही. ह्याचा डावा दुखतो, पण सांगतो उजवा. ही? हिचा कुठलाच नाही, हिला सुनेच्या हातून पाय चेपून घ्यायचे असतात."

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घोटाळा उघडकीला आला. चमच्याच्या एक्केचाळीस कार्डांवर नंबरताईनं पोटाच्या विकाराचे नंबर टाकले होते. वहिनींनी सहज वरचं कार्ड उचललं. "ह्या बाईंचं पोट कधी बिघडलं? ह्यांनी दगड खाल्ला तर दगडाला त्रास होईल."

नंबरताईचा चेहरा उतरला. चमच्याची खात्री करून घ्यावी, असं तिला एकदाही वाटलं नव्हतं. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, "चमचा म्हणजे औषध नेतात पण घेत नाहीत. बाटली कपाटात, चमचा ताटलीत. पुढच्या वेळी आले की आधी तेच विचारायचं, म्हणून खूण."

"एक्केचाळीस कार्डं चुकवली मी," ती म्हणाली. "बाकीच्यांना मी बजावत फिरते की अंदाजानं लिहू नका, आणि स्वतःच..."

"मला तर बाई, फार बरं वाटलं," डॉक्टर मनापासून म्हणाले. "तीन दिवस तुमच्यापुढे मी शाळेत बसल्यासारखा बसतोय. म्हटलं, ही चुकते की नाही कधी?"

ती एक्केचाळीस कार्डं तिघांनी मिळून पुन्हा केली. औषध न घेण्यालाही नव्या यादीत नंबर होता. विसरल्यामुळे घेत नाही त्याला वेगळा, मुद्दाम घेत नाही त्याला वेगळा. "हे छान केलंय," डॉक्टर म्हणाले. त्यांना आता यादीचा नाद लागला होता. दोन पेशंटच्या मधल्या वेळात ते पुस्तक चाळायचे आणि काही गंमतशीर सापडलं की आतून हाक मारायचे. "बाई, बदक चावलं तर त्याला वेगळा नंबर आहे! बदक!" एका पेशंटला त्यांनी मोठ्या आशेनं विचारलंसुद्धा, की ही जखम बदकाची तर नाही ना? तो म्हणाला, खिळ्याची आहे. डॉक्टरांचा हिरमोड झाला.

एका खुणेला मात्र नंबर मिळाला नाही. पिपाणी. सगळी कार्डं उलथून झाली तेव्हा पिपाणीवाले सतरा निघाले. नंबरताईनं विचारलं, "ही काय?" डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "जे बोलायला लागले की थांबत नाहीत ते. त्यांना मी दुपारी शेवटचं बोलावतो, म्हणजे मागचे खोळंबत नाहीत." तिनं मानसिक विकारांचा भाग पाहिला, घशाचा पाहिला, सवयींचा पाहिला. कुठेच नाही. "यादी अपुरी आहे," डॉक्टरांनी निकाल दिला आणि सुधारणा सुचवणारं पत्र कार्यालयाला लिहायला बसले. तेवढ्यात वहिनींनी सतरांतलं एक कार्ड काढून प्रकाशात धरलं.

"भावजी, हे कार्ड माझं आहे."

डॉक्टरांना एकाएकी हात धुवायची आठवण झाली. ते आत गेले आणि नळ बराच वेळ वाहत राहिला. नंबरताई पुस्तकात तोंड खुपसून हसू दाबत होती. वहिनींनी पाच मिनिटं गाल फुगवले. मग स्वतःच रबर घेतला, पिपाणी पुसली आणि त्या जागी तिच्याहून थोडी मोठी पिपाणी काढली. "निदान नीट तरी काढायची," त्या म्हणाल्या.

एक तारीख आली. नव्या नंबरांचा पहिला अहवाल पंधरा दिवसांनी गेला. चौदाही दवाखान्यांचे अहवाल तपासून परत आले आणि बातमी चांगली होती. मुलांच्या दवाखान्याची एकही चूक नाही. हाडांच्या डॉक्टरांच्या सहा चुका, आणि त्यांच्याकडचे लोक आता दोन्ही अंगांवर पडत होते. चौदाव्या दवाखान्याच्या आठ. सगळ्यात कमी चुकांत त्यांचा नंबर चौथा लागला, हे ऐकून वहिनींनी टपालवाल्या गृहस्थांना दोन बिस्किटं जास्त दिली.

मग कार्यालयाचा फोन आला. वहिनींनी तो डॉक्टरांना दिला. नंबरताई आठ चुका दुरुस्त करायला तिथेच बसली होती, त्यामुळे तिला सगळं ऐकू आलं.

"डॉक्टर, तुमच्या अहवालात काहीतरी गडबड दिसतेय," पलीकडचे अधिकारी म्हणाले. "एकटे राहिल्याने त्रास होणारे त्रेसष्ट लोक? बाकीच्या तेरा दवाखान्यांत मिळून फक्त चार आहेत. तुमच्याकडेच कसे एवढे?"

"ते माझ्याकडेच नाहीत हो," डॉक्टर म्हणाले. "तुमच्या चौदाही दवाखान्यांत आहेत. मी विचारतो, एवढंच. तुम्ही तेरा जणांना विचारायला सांगा, मग बघा आकडा."

अधिकाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी नंबरताईला बोलावून घेतलं. तिनं सगळं सांगितलं. छत्री, चमचा, जिना, आणि पिपाणीसुद्धा. अधिकारी आधी हसले आणि मग वहीत काहीतरी लिहून घेतलं. जुन्या अहवालात ही त्रेसष्ट माणसं 'इतर' होती, आणि 'इतर'साठी कुणाला काही पाठवता येत नव्हतं. आता त्यांचा आकडा होता. महिन्याभरात एका परिचारिकेची नेमणूक झाली. आठवड्यातून दोन दिवस तिनं छत्रीवाल्यांच्या घरी जायचं. शिट्टी वाजवणारी ती मुलांच्या दवाखान्यातली परिचारिका होती, तिनंच ते मागून घेतलं. पहिल्याच फेरीत टपालवाल्या गृहस्थांनी तिला तीन तास पत्त्यांचे डाव शिकवले, आणि त्या आठवड्यात त्यांचा उतरलेला रक्तदाब पाहून डॉक्टरांनी यंत्र बिघडलंय का ते तपासून घेतलं.

बाकीच्या तेरा दवाखान्यांतही आकडे वाढायला लागले. विचारायचं कसं, हे त्यांना कळेना. म्हणून कार्यालयानं एक सभा ठेवली. सभागृहात सत्तरेक खुर्च्या, समोर ध्वनिवर्धक, आणि बोलणार कोण? नंबरताई.

आदल्या आठवड्यात तिला जेवण गोड लागेना. नवरा म्हणाला, "तालीम कर, मी ऐकतो." सासूबाईही आपण होऊन खुर्चीत बसल्या. तिनं बाकावर बसल्यापासूनची सगळी हकिकत सांगितली, आणि ह्या वेळी सासूबाई एकदाही पेंगल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "त्या छत्रीवाल्या बाईंचं पुढे काय झालं गं?" ते नंबरताईनं डॉक्टरांना विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती सतरा पायऱ्या चढून फक्त तेवढं विचारायला गेली. "त्या होय," डॉक्टर म्हणाले. "छत्री न्यायला येताना खालच्या किल्लीवाल्याच्या दुकानात टेकायला लागल्या. त्याच्या वडिलांशी लग्न केलं त्यांनी. आता त्याची सावत्र आई आहेत, तीन नातवंडं मागे लागलेली असतात, दवाखान्यात यायला सवड नाही."

सभेत तिनं हेच सगळं सांगितलं. पहिली दोन वाक्यं कुणालाच ऐकू गेली नाहीत, कारण ध्वनिवर्धक बंद होता. तिसऱ्या वाक्याला तो चालू झाला आणि तिचा स्वतःचाच आवाज अंगावर आल्यावर ती दचकली. लोक हसले, तीही हसली, आणि त्यानंतर तिला समोरची माणसं मोजायची आठवणच राहिली नाही. चौदावे डॉक्टर पहिल्या रांगेत होते, शेजारी वहिनी. मध्येच एका डॉक्टरनं उठून विचारलं, "पण ताई, गर्दीच्या वेळी एवढं विचारायला वेळ कुठून आणायचा?" ती उत्तर द्यायच्या आत वहिनी खुर्चीतून उठल्या, ध्वनिवर्धकाशिवायच बोलायला लागल्या आणि सव्वीस वर्षांत काउंटरवर कुठल्या पेशंटला काय विचारलं ते वीस मिनिटं सांगत राहिल्या. मागच्या रांगेतल्या काउंटरवाल्या मुलींनी ते भराभर लिहून घेतलं.

सभा संपल्यावर चहाच्या टेबलाशी हाडांचे डॉक्टर आले आणि म्हणाले, "ताई, पुढच्या महिन्यात शेजारच्या शहरात याल का? तिथे माझ्या मित्राचा दवाखाना आहे. तुमच्याबद्दल बोललोय त्याच्याशी. असे नऊ दवाखाने आहेत तिथे."

"कोणती यादी वापरतात?"

"जुनीच. त्यांच्याकडची तारीख अजून यायचीय. तो तर अजून वहीत लिहितो."

"वही चांगली," नंबरताई म्हणाली. "त्यांना सांगा, शेवटची दोनशे माणसं काढून ठेवा." आणि कप खाली ठेवून तिनं डायरीत तारीख शोधायला सुरुवात केली.